खाजणातल्या पक्ष्यांच्या नोंदी: धरमतर खाडीकाठ, सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

अनंत चतुर्दशी झाली, चाकरमानी परतले, गाव मोकळं झालं. आजपासून काम सुरू. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवहीतला पक्ष्यांचा भाग आमच्याकडे सोपवलाय. जैवविविधता कायदा २००२ चा, पण आमच्याकडची नोंदवही अजून अर्धी कोरीच. जुन्या मसुद्यात पक्ष्यांच्या पानावर ‘बगळा, कावळा, चिमणी, बदक इ.’ एवढाच मजकूर सापडला. त्या ‘इ.’मध्येच आम्हाला वर्षभराचं काम आहे.

जागा म्हणजे अलिबाग तालुक्यातली, पोयनाडच्या पलीकडची खारपट्टी. अंबा नदी धरमतर खाडीला मिळते त्या अंगाची. मोजणीसाठी तिचे तीन तुकडे केले. पहिला, बांधाबाहेरचा खाडीचा चिखल, ओहोटीला उघडा पडणारा. दुसरा, बांधाला खांड पडल्यावर खारं पाणी शिरून झालेलं खाजण. आता तिथे तिवर आणि कांदळ माणसाच्या वर गेलेत. तिसरा, ज्यांचा बांध शाबूत आहे त्यांची भातशेती आणि जिताडा माशांचे तलाव. तिन्ही एकमेकांना लागून, मध्ये फक्त मातीचा बांध आणि लाकडी फळ्यांची उघाडी. ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने फळ्या बाहेर उघडतात, भरतीला खाडीच्या पाण्याने आपोआप मिटतात. गावची सगळी शेती या फळ्यांच्या भरवशावर.

मोजणीची वेळ घड्याळावर ठरवायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. कोळणी वापरतात तोच हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आज पंचमी, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला. खाडीत इतक्या आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. सकाळी दहाला ओहोटी, चिखल सगळा उघडा, आणि पक्षी इतके लांब पांगलेले की दुर्बिणीत नुसते ठिपके. टिलवे ओळखू आले ते पायांच्या लाल रंगावरून नव्हे, त्यांच्या ओरडण्यावरून.

६ ऑक्टोबर २०२४

भात पोटरीतून बाहेर आलंय. बांधावर ऑक्टोबरची भाजणी. शेतातल्या पाण्यात ठिपकेवाले तुतवार, पिवळे धोबी, एका चरात पाणलावा (तो उडेपर्यंत दिसला नाही, आणि उडाल्यावर ओळखण्याइतका थांबला नाही). भोरड्यांचा मोठा थवा तिवरांवर उतरला आणि कलकलाट करून निघून गेला. एवढंच.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

वर्षातली सर्वांत चांगली मोजणी बहुधा आजचीच ठरणार. कार्तिकी पौर्णिमा परवा झाली, म्हणजे पाणी उधाणाचं. आज द्वितीया, हिशेबाने दीडची भरती. आम्ही अकरालाच खाजणाच्या आतल्या बांधावर तिवराच्या सावलीला बसलो, कारण पक्षी यायच्या आधी माणूस जाग्यावर असला पाहिजे. नंतर कुणी चालत आलं की सगळा थवा उठतो आणि मोजणी बोंबलते.

बाराच्या आसपास चिखलाची शेवटची पट्टी बुडायला लागली. पक्षी त्या पट्टीबरोबर मागे सरकत राहिले, मग एकदम उठले आणि खांडीवरून आत आले. आधी पाणटिवळे, पाठोपाठ टिलवे, मग छोट्या चिखल्यांचा झुबका. बुडालेल्या शेताच्या जुन्या बांधाचा वितभर रुंद माथा तेवढा पाण्यावर होता, त्यावर ते खांद्याला खांदा लावून बसले. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, चोची पाठीच्या पिसांत. ज्या चिखलावर सकाळी दीड-दोन किलोमीटरभर पक्षी विखुरलेले असतात, ते सगळे आता एका शेताच्या बांधावर. ओहोटीला तीन तास उन्हात तडफडून जे मोजता येत नाही ते इथे अर्ध्या तासात होतं.

मोजायची रीत सोबतच्या मुलांना शिकवली. एकेक पक्षी मोजायला जायचं नाही. दहाचा एक पुंजका नीट मोजून डोळ्यात बसवायचा, मग तोच थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. तिघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे आधी एकमेकांना सांगायचे नाहीत. पाणटिवळ्यांचे तिघांचे आकडे १८०, २१० आणि १९० आले. नोंदवहीत ‘सुमारे १९०’.

कडेला कोरल होते. एक तर अगदी समोर, तीस पावलांवर. लांबलचक बाकदार चोच बिळात मुळापर्यंत घालून त्याने एक खेकडा ओढून काढला, त्याच एका मोठ्या डेंग्याचा, जे ओहोटीला चिखलावर डेंगा हलवत बसतात. डेंग्याला धरून गदागदा झटकला, डेंगा तुटून पडला. पाय झटकले, दोन-तीन गळाले. मग खेकडा चोचीच्या टोकापासून वरवर सरकवत घशाशी आणला आणि गिळला. तुटलेला डेंगा पाण्यात तसाच. शेजारच्या टिलव्याने येऊन तो एकदा चोचीने उलटून पाहिला.

थव्यात काही कर्ल्यू सँडपायपर होते. हिवाळ्यात हे राखी-पांढरे, साधेसुधे. सैबेरियाच्या टुंड्रातून येतात. गेल्या महिन्यातच आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत यांना ‘असुरक्षित’ गटात टाकलंय. पाणटिवळा आणि कोरल आधीपासून ‘संकटसमीप’ आहेत. मुलांना यादीपेक्षा सैबेरियाचं जास्त अप्रूप वाटलं. साहजिक आहे.

पावणेदोनला बहिरी ससाणा आला आणि सगळा थवा हवेत. मोजणी तोवर झाली होती.

१५ डिसेंबर २०२४

आज तलाव. या पट्टीतला जिताडा नावाजलेला. घरापुढच्या तलावात वाढवलेला जिताडा पाहुण्याला, जावयाला, नाहीतर अडीअडचणीला. हा मासा मांसाहारी, त्याला खायला तलावात लहान मासळी सोडावी लागते. आणि तीच मासळी पाणकावळ्यांना हवी असते. एका तलावावर सकाळी चाळीसेक पाणकावळे बुड्या मारत होते.

तलाववाले काका काठावर उभे. त्यांना विचारलं, किती नुकसान होतं? म्हणाले, “पाणकावले रोज येतान, पोटभर खातान. त्यांना हिसाब कोन मागंल?” चेष्टेच्या सुरात, पण चेष्टा नव्हती.

त्यांनी तलावावर बारीक नायलॉनचं जाळं ताणलेलं. त्यात एक खंड्या अडकला होता, पंख मागे दुमडलेला, चोच उघडी. सोडवताना कळलं की हे जाळं पक्ष्याला दिसतच नाही; पाण्यावर सूर मारताना तो सरळ त्यात जातो. कात्रीने एकेक धागा कापावा लागला, ओढलं तर पीस निघतं. काका दिवा धरल्यासारखा मोबाइलचा टॉर्च धरून उभे होते. खंड्या हातातून सुटला तो समोरच्या शेवग्यावर बसला आणि आमच्याकडे पाठ केली.

त्यावरून बोलणं झालं. जाळ्याऐवजी जाड दोऱ्या हातभर अंतराने ताणायच्या, त्याला चकाकणाऱ्या फिती बांधायच्या. पाणकावळ्याला उतरायला आणि उडायला पाण्यावर धाव लागते, दोऱ्या आड आल्या की तो तलाव टाळतो. काका म्हणाले, बघू. आमच्या मते तलाववाल्याला ‘पक्षी वाचवा’ सांगून काही होत नाही. त्याची मासळी वाचवायची तोड सांगितली तर पक्षीही वाचतात.

बदकं: अडई मोठ्या संख्येने, थापट्या थोडे, तलवार बदकांची एक जोडी. वारकरी पक्षी कुठेच नाहीत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

आशियाई पाणपक्षी गणनेचा पंधरवडा. १९८७ पासून दर जानेवारीत ही गणना होते, यंदा आपला खाजणाचा तुकडाही त्यात गेला. चतुर्दशी, साडेदहाची भरती, थंडी चांगली. शहरातून काही जण मदतीला आले होते. त्यांचा पहिला प्रश्न, फ्लेमिंगो कुठे बसतात?

बसत नाहीत. फ्लेमिंगो बघायचे तर ठाणे खाडीत जावं. ती खाडी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, तिथे बोटीची सोयही आहे. तिथला मान तिला मिळालाच पाहिजे. पण गुलाबी रंग नसलेली पाणथळ लोकांच्या डोळ्यांत भरत नाही, ही आमची जुनी तक्रार. मातकट पाठीचा, वाळूच्या रंगाचा पक्षी मंगोलियातून आला तरी त्याच्यासाठी कुणी बोट काढत नाही.

आज चित्रबलाक, मोर शराटी, पांढरे शराटी, दोन दर्विमुख. दर्विमुखांनी पाहुण्यांचा दिवस भरून काढला. चमच्यासारखी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत ते चालत होते तेव्हा सगळे गप्प झाले. खांडीजवळ काळ्या टोपीचा खंड्या, हा तिवरांचाच रहिवासी. वर समुद्री गरुड एकदा घिरटी घालून गेला, तो बहुधा रेवसकडचा.

१६ फेब्रुवारी २०२५

शेतात वालाच्या शेंगा, रात्री पोपटी लावायचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, त्यामुळे मोजणीला गर्दी आणि मोजणीत लक्ष कमी. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी भाताच्या खुंटांवरून खालून खालून फिरत होता. बाकी नोंद नेहमीची.

मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पुरेसा नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.

२३ मार्च २०२५, रविवार

काल अष्टमी, आज नवमी. भांगाचं पाणी, म्हणजे भरती कमी चढणारी. मुद्दाम भांगाला आलो, तुलनेसाठी. भरती आली पण चिखल पुरता बुडालाच नाही, वरची पट्टी कोरडी राहिली. म्हणून पक्षी खाजणात आलेच नाहीत. बाहेरच चरत राहिले. खाजणातला आकडा जवळजवळ शून्य.

हा शून्य नोंदवहीत नुसता ‘मार्च’ म्हणून चढला असता तर पुढचा वाचणारा म्हणेल, मार्चात पक्षी गेले. गेले नव्हते, दोनशे पावलांवर होते. नोंदवहीच्या छापील तक्त्यात ‘हंगाम’ म्हणून एकच रकाना आहे: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आमच्या पाणथळीला तो पुरत नाही. इथे आठवड्याआड हंगाम पालटतो, उधाण आणि भांग.

बाहेरच्या चिखलावर छोटे वाळू चिखल्ये रंग धरायला लागलेत. हिवाळाभर मातकट असलेल्या छातीवर विटकरी पट्टा, डोळ्यांवर काळी पट्टी. एकाच थव्यात पूर्ण रंगलेले, अर्धे रंगलेले आणि अजून फिकेच असे सगळे. जे रंगले ते लवकर निघतील. पाणटिवळे तर अधाशासारखे खात होते. लांबच्या उडाणाआधी हे पक्षी अंगावर चरबी साठवतात, तीच त्यांची वाटेवरची शिदोरी.

११ मे २०२५

परदेशी पाहुणे गेले. तरी काही टिलवे आणि दोन कोरल अजून आहेत. ही गेल्या वर्षीची पिल्लं. यंदा वीण करायची नाही म्हणून एवढा प्रवास करत नाहीत, उन्हाळा इथेच काढतात. मुलांनी त्यांना ‘सुट्टीतले’ नाव ठेवलंय.

शेतात मिठाची पांढरी पापडी. टिटवीची अंडी बांधाच्या ढेकळांत सापडली: चार, निमुळती टोकं आत, मातीच्याच रंगाची, त्यांवर काळे डाग. तिथून तीन पावलं मागे गेलं की परत सापडत नाहीत. आजूबाजूला काठी-बिठी रोवून खूण करायची नाही, असं मुलांना बजावलं. कावळ्यालाही खुणा वाचता येतात. टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस भरपूर, असं आजी लोक सांगतात. ही बांधाच्या माथ्यावर होती.

आज ज्यांची जमीन खाजणात गेली त्यांच्यापैकी दोघे बांधावर भेटले. इतके दिवस हा विषय आम्हीच टाळत होतो असं नाही, पण कुणी काढतही नव्हतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खांड पडली, वेळेवर बांधली गेली नाही, पुढच्या उधाणांनी ती रुंदावली. खारं पाणी कायमचं आत आलं, भात बंद झालं. मग तिवरं उगवली. तिवरं उगवली की ती तोडता येत नाहीत. क्षेत्र हजार चौरस मीटरच्या वर गेलं की सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमाप्रमाणे भोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव. म्हणजे सातबारा त्यांचा, आणि त्यात पाय ठेवून काही करायची मुभा नाही. दुसरीकडे आम्ही दुर्बीण लावून तिथेच बसणार आणि ‘वा, काय पाणटिवळे’ म्हणणार.

ही तीच खारपट्टी, जिथे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन पेरली नाही, खंडाविरुद्ध संप केला. उपाशी राहिले, जंगलातला लाकूडफाटा विकला, पण मागे हटले नाहीत. अशा माणसांच्या नातवंडांना ‘जमीन पक्ष्यांना सोडा’ हे आम्ही तरी सांगणार नाही. कांदळवन राहायलाच हवं, ते गेलं तर पुढचा बांधही जाईल. पण त्याची किंमत एकट्या खातेदाराने का मोजायची?

२७ मे २०२५, मंगळवार

पाऊस आला. कोकणात परवा, मुंबईत काल. मुंबईच्या नोंदींतला सगळ्यात लवकरचा. राबाची भाजणी काहींची राहिली, बांधाची मातीकामं अर्धवट, सगळ्यांची तारांबळ.

उघाडी बघायला गेलो. एका झडपेची खालची फळी कुजून तिच्यातून झिरपत होतं. बाहेर भरती, आत गोडं पाणी, मधल्या फटीत दोन्ही पाण्यांची झुंज. तिथे निवट्या (चिखलातले छोटे मासे) जमलेल्या, आणि त्यांच्यावर टपलेले चार रातबगळे, भर दिवसा. भिजून खांदे पाडून बसले होते, फट मात्र सोडत नव्हते. पाच मिनिटांत एकाने दोन निवट्या उचलल्या.

टिटवीचं घरटं बघायला गेलो नाही. त्या बांधावर लोकांची ये-जा होती, मुद्दाम तिकडे लक्ष वेधायला नको.

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

खाजणाचं पाणी आता चाखून बघितलं तर जेमतेम खारट. लावणी उरकत आली. हिवाळ्याच्या यादीतला जवळपास कोणीच नाही आणि तरी जागा भरलेली: पाणकोंबड्या, जांभळ्या पाणकोंबड्या, हळदी-कुंकू बदकांची पिल्लं, चातकाची हाक, सायंकाळी बेडकांच्या आवाजात बाकी सगळं बुडून जातं.

तलावावर कललेल्या शिंदीला सुगरणींची वसाहत. याच तालुक्यात किहीमला सालिम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरणींचा अभ्यास केला, आणि नर एकामागून एक घरटी बांधत वेगवेगळ्या माद्यांशी जोडी जमवतो हे तिथे उलगडलं. आज ते डोळ्यांनी पाहिलं. नर घरटं अर्ध्यावर आणतो, शिरस्त्राणासारखं, खालून उघडं. मग त्याला उलटा लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत बसते, विणीला चोच लावून ओढून बघते. एक घरटं पसंत पडलं नाही, निघून गेली. नर थोडा वेळ ओरडला आणि पुन्हा भाताची पात चिरायला गेला: पातीच्या कडेला चोचीने खाच पाडायची, मग ती धरून उडायचं, म्हणजे लांब सरळ धागा निघतो. तयार घरट्यांत आतल्या बाजूला ओल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले दिसले. ते कशासाठी, यावर बांधावर अर्धा तास वाद झाला. चिखलात काजवे खोचून दिवा करतात, ही गोष्ट अर्थातच निघाली. वाऱ्यात घरटं कमी हेलकावावं म्हणून वजन, हे त्यातल्या त्यात पटलं.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

नारळी पौर्णिमा झाली. होड्या सुटल्या. आज प्रतिपदा, पाऊणची भरती.

आणि पक्षी परतलेही. टिलवे वीसेक, वाळू चिखल्ये पन्नासच्या आसपास, काहींच्या छातीवर विटकरी रंगाचा उरलासुरला पुसट डाग. हे मोठे पक्षी. पिल्लं मागून, आपली आपण, सप्टेंबरात येतील. ज्यांना वाट कुणी दाखवलेली नाही ती पिल्लं याच खाडीत कशी उतरतात, हे मुलांनी विचारलं. वाट उपजतच अंगात असते, सूर्य, तारे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात, इतपत सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही, आमचंही नाही.

पुढे लक्षात आलं ते असं: लोक ज्यांना थंडीचे पाहुणे म्हणतात ते भर श्रावणात हजर आहेत आणि गेले मेच्या तोंडावर. वर्षातले आठ-नऊ महिने इथे असणारा पाहुणा कसला? परदेशात तर तो वीण करण्यापुरता जातो.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

गणपती बुधवारी, त्याआधी नोंदवहीची पानं समितीला द्यायची. आज शाळेत बसून पक्की प्रत केली.

‘हंगाम’ हा रकाना ठेवला, पण त्याच्या शेजारी तीन नवे आखले: भरतीची तिथी आणि वेळ, आतलं पाणी खारं की गोडं आणि किती, उघाडी धड आहे की नाही. आमचे हे रकाने नसते तर या वर्षाच्या निम्म्या नोंदींचा अर्थच लागला नसता.

वाचून दाखवताना खाजणातल्या जमिनीचे एक खातेदार मागे उभे होते. सगळं ऐकून म्हणाले, “पक्षी लिवलं ते बरं झालं. जागा कोनाची, ते पन लिवा.” समितीतल्या एकाने म्हटलं, हा काही महसुली कागद नाही. त्यावर जरा तणातणी झाली. शेवटी खाजणाच्या पानावर वर्णनातच लिहिलं: ही पाणथळ खासगी भातजमिनीवर, बांध फुटल्यामुळे तयार झाली, खातेदारांना भरपाई मिळालेली नाही, आतल्या दुसऱ्या बांधाची उंची वाढवून खारं पाणी आणखी आत शिरू नये, अशी त्यांची मागणी आहे आणि पक्षी मोजणाऱ्यांचा तिला पाठिंबा आहे.

तलाववाल्या काकांनी दोऱ्या ताणल्या आहेत. पाणकावळे शेजारच्या तलावावर गेले, तेव्हा आता शेजारी आमच्या मागे लागलेत.

उघाडीची फळी अजून तीच. पंचायतीला अर्ज दिला, पोच घेतली. पुढची मोजणी भाद्रपद पौर्णिमेला, ७ सप्टेंबरला, खाजणाच्या आतल्या बांधावर. पक्षी यायच्या आधी जाग्यावर हवं.